किल्ला कुणाचा

"यंदा किल्ला नाही," आमच्या ह्यांनी पेपरमागून जाहीर केलं. "लेक हॉस्टेलवर गेली. आता कुणासाठी करायचा?"

मला हसूच आलं. बारा वर्षं हे दिवाळीआधी आठवडाभर रजा टाकायचे, लेकीच्या किल्ल्यासाठी म्हणून. तिने मातीला हात लावला की ओरडायचे, "बुरूज बिघडेल." बिचारी पायरीवर पाण्याची बादली धरून बसायची. आणि आता पन्नाशीचा माणूस तोंड पाडून बसला होता. स्वतःला खेळायचंय हे म्हणायची लाज.

मीच अंगणात मातीचं पोतं रिकामं केलं, तटबंदी थापली आणि महादरवाजा मुद्दाम अगदी समोर ठेवला.

पेपर खाली आला. "असा दरवाजा ठेवतात? शत्रू सरळ आत येईल."

"येऊ द्या. चहा टाकते मी."

"सरक," म्हणत त्यांनी बाह्या दुमडल्या. मी बुरुजाला हात लावला, तर ओरडले, "बिघडेल."

संध्याकाळी शेजारच्या कर्णिककाकू फाटकाशी थांबल्या. "लेक नाही, तरी किल्ला? कुणासाठी हो?"

कोपरापर्यंत चिखलात बुडालेल्या ह्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. तिथे मी बादली धरून बसले होते.

"हिची हौस," ते म्हणाले. "ऐकतच नाही."