कागद वाजतो

"लेनोर कुठंय? यंदा हमाली तुम्हा दोघांवरच टाकली वाटतं!" दुकानाच्या काउंटरमागून मिसेस नोवाकनी काजूंच्या ढिगात पत्र्याचा स्कूप खुपसत विचारलं.

व्हर्ननने टोपी काढली. "गुडघे धरलेत तिचे. पुढच्या वर्षी येईल."

शेजारी उभ्या असलेल्या ॲडेलने बापाकडे पाहिलं. आईला जाऊन सात आठवडे झाले होते.

रांग दारापर्यंत गेली होती. मखमली फ्रॉक घातलेल्या मुली, आयांच्या हातात दुपारच्या बॅलेची तिकिटं. ॲडेलने बोलायला तोंड उघडलं, तोवर मिसेस नोवाकनी दुसरी कागदी पिशवी भरून वरून दुमडलीही होती.

"ही तिची. ब्राझील नट जास्त घातलेत, नाहीतर तणतणत येईल पुन्हा. तिच्याशी भांडल्याशिवाय मला मेला नाताळ आल्यासारखा वाटत नाही. आणि हातमोजा आणलाय ना?"

हातमोज्याची गंमत दुकानात सगळ्यांना ठाऊक होती. थिएटरच्या पायरीवर लेनोर सगळे दाणे आपल्या लाल लोकरी हातमोज्यात ओतून घेई. मग अंधारात कागद वाजत नसे.

"आणलाय," व्हर्नन म्हणाला. तेही खोटंच.

बाहेर सरोवराकडून बोचरा वारा येत होता.

"पुढच्या वर्षी?" ॲडेल म्हणाली.

"रांग केवढी होती, ॲडी."

"दफनालाही रांग होती. तेव्हा तुम्ही गाडीत जाऊन बसलात. तिच्या दातांच्या डॉक्टरला मी सांगितलं. लायब्ररीत मी. तिचे केस कापणारी फोनवर रडायला लागली, तिची समजूतही मीच काढली. तुम्ही एकदा तरी तोंडातून शब्द काढा, डॅड!"

"रस्त्यात ओरडू नकोस. दोनला पडदा उघडतो."

थिएटरात त्यांच्या तीन खुर्च्या होत्या. तिकिटं लेनोरनेच ऑगस्टमध्ये काढलेली. मधल्या खुर्चीवर व्हर्ननने तिची पिशवी ठेवली. ॲडेलने ती उचलून खाली जमिनीवर ठेवली. त्याने पुन्हा वर ठेवली.

बॅलेतल्या बर्फाच्या नाचाआधी वाद्यं क्षणभर थांबली. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि त्या शांततेत कागद कुरकुरला. व्हर्ननचा हात लेनोरच्या पिशवीत होता.

पुढच्या रांगेतली बाई वळली. "अहो, कागद काय वाजवताय? थिएटरात कसं बसायचं, कुणी शिकवलं नाही का?"

कागद पुन्हा वाजला.

"बायकोने शिकवलं होतं," व्हर्नन म्हणाला. आवाज त्याने खाली आणलाच नाही. "ऑक्टोबरात वारली ती."

दोन रांगांतली डोकी वळली. बाई काहीतरी पुटपुटली आणि समोर बघू लागली. रंगमंचावर पहिला कागदी बर्फ पडायला लागला.

ॲडेलचा राग अजून उतरला नव्हता. तिने कोटाच्या खिशातून आपला हातमोजा काढला, त्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि रिकाम्या खुर्चीवर धरलं.

"ओता," ती म्हणाली. "हळू."