राक्षसाचा चेहरा

बालवाडीच्या फाटकात प्रकाशक कारखानीस दिसताच पोरं किंचाळत पळाली. त्यांची स्वतःची नातसुद्धा शिक्षिकेमागे लपली.

तिथून ते तडक चित्रकार हेमांगी टिपणीसांच्या घरी गेले. "बाई, चित्रं काढणारं प्रत्येक यंत्र राक्षस म्हणून माझंच तोंड काढतंय!"

"माझी तीस वर्षांची कॉमिक्स मला न विचारता तुम्हीच या यंत्रांच्या घशात घातलीत आणि मला घरी बसवलंत. त्यातला प्रत्येक राक्षस मी तुमच्याकडे बघूनच काढला. एकही अंक उघडून बघितला नाहीत?"

"मग आता नवा राक्षस काढून द्या. तो मी यंत्रांना शिकवतो."

हेमांगीबाईंनी खुशीत कुंचला शाईत बुडवला.

"मान जरा वळवा," त्या म्हणाल्या. "ऑफिसात माझ्या टेबलावरून तुमची डावी बाजू कधी दिसलीच नाही."