फाटकावरचा कर्नल

केडगावच्या आमच्या अकॅडमीत लष्करी अधिकारी होण्याची तयारी करून घेतात. पहिल्याच दिवशी कानावर आलं, की एक निवृत्त कर्नल इथे साध्या वेशात वावरतात आणि आम्ही हाताखालच्या माणसांशी कसं वागतो ते गुपचूप टिपून ठेवतात. शिफारस म्हणे त्यांच्याच हातात.

झालं! मेसमधला वाढपी असो की झाडूवाला, जरा ताठ चालला की आमचा संशय बळावायचा. सगळ्यात दाट संशय वॉचमन कानिफनाथकाकांवर. ओंकार तर त्यांना खुर्चीवरून उठूच द्यायचा नाही. “काका, तुम्ही बसा, फाटक मी उघडतो.”

शेवटच्या दिवशी सामान घेऊन निघताना मी काकांना विचारलंच, “आता तरी खरं सांगा. तुम्हीच कर्नल ना?”

काका हसले. “न्हाई गं ग्रेस. कर्नल-बिर्नल कुनी न्हाई हितं. दर बॅचला ही आवई मीच उठिवतो.”

“पण कशाला?”

काका काही बोलणार, त्याआधीच मागे उभा राहून सगळं ऐकणारा ओंकार ओरडला,



“ए, फाटक उघड!”