पहिली पसंती

"बाबा, माझा इथल्याच कॉलेजला नंबर लागलाय." इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचा निकाल केतकीने वडिलांसमोर धरला. "आणि म्हणे हीच माझी पहिली पसंती! मी तर पुणं पहिलं टाकलं होतं."

सुधाकररावांचा घास हातातच राहिला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली, तसे ते सायबर कॅफेत जाऊन बसले होते. तिचा भरलेला अर्ज त्यांनी पुन्हा उघडायला लावला, पुणं खाली ढकललं आणि गावातलं कॉलेज सगळ्यात वर घ्यायला सांगितलं. "काका, पहिली पसंती लागली की पुढच्या फेऱ्या बंद. नंतर बदल नाही," कॅफेवाल्याने बजावलं होतं. तरीही आपल्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. घरी येताना तिच्यासाठी गरम जिलबी आणली. बायको गेल्यापासून घरात दोघंच होती. ही पुण्याला गेली तर जेवताना बोलायचं कोणाशी, याच्या पलीकडचं त्यांना तेव्हा काही सुचलंच नव्हतं.

केतकी स्क्रीन वरखाली करत राहिली. "माझ्याच हातून क्रम उलटा झाला असणार. शेवटी फार घाई केली मी."

"केतकी..." ते म्हणाले. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

तिने डोळे पुसले, त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि हळूच विचारलं,

"बाबा, माझ्यावर रागावलात?"