धूर नाही, वाफ

नवऱ्याचा रिपोर्ट वाईट आला. तो आलेलाच नाही, असं ठरवून दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले.

"पंखा बरा आहे," नवरा म्हणाला.

"आवाज करतो जरा," बायको म्हणाली.

पाकीट त्यांनी जिन्यातच फोडलं होतं आणि थुंकी लावून पुन्हा चिकटवलं होतं.

आत डॉक्टरबाईंनी ओलसर पाकीट उघडलं. आकडे वाचले. मग चार वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला. 'धूम्रपान करता का?' यापुढे नवऱ्याच्या वळणदार अक्षरात 'नाही'.

"मग हे खिशात काय?"

"वेप. यात धूर नसतो, मॅडम. वाफ असते. स्ट्रॉबेरीची."

"किती वर्षं?"

"पाच-सहा. धूर असता तर लिहिलं असतं. मी खोटं बोलत नाही."

"निकोटीन असतं त्यात. हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. पण शुक्रजंतूंना ते मानवत नाही. तेव्हाच तपासणी सांगितली होती ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? म्हणून हिच्याच तपासण्या करत होतो."

हिच्या म्हणजे बायकोच्या. चार वर्षं इंजेक्शनं, दोनदा पोटात दुर्बीण. घरी सासूबाईंचं निदान फुकट होतं: बी खणखणीत, जमीनच खडकाळ.

"वेप आजपासून बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग बायकोकडे वळून आवाज हळू केला. "तुमचं मात्र वय झालं आता. सदतिसाव्या वर्षी गोष्ट वेगळी होती."

"म्हणजे माझं सुधारेल?" नवऱ्याने विचारलं.

"सुधारू शकतं."

"बघ," तो बायकोला म्हणाला, "उगाच घाबरलो."

बायकोने कोरा कागद मागून घेतला. ती कचेरीत आवक-जावक सांभाळायची, त्यामुळे हात आपोआप समास सोडून लिहू लागला.

'विषय: चार वर्षे परत मिळणेबाबत.

महोदया,
अर्जदाराच्या पतीने वाफेस धूर न समजल्यामुळे अर्जदाराची वय वर्षे सदतीस ते एक्केचाळीस विनाकारण खर्ची पडली आहेत. पुराव्यादाखल पती मूळ प्रतीत सोबत जोडला आहे. तो परत न केल्यास हरकत नाही. तरी सदर वर्षे अर्जदारास न वापरलेल्या स्थितीत, शक्य तितक्या लवकर परत करण्यात यावीत, ही नम्र विनंती.'