पुसून घे

दुर्गाघाटावरच्या विश्वेश्वरशास्त्र्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून ते आपला न्यायशास्त्रावरचा ग्रंथ तोंडी सांगत आणि त्यांची मुलगी ऋता तो कॉम्प्युटरवर उतरवून घेई. सगळा ग्रंथ कॉम्प्युटरच्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर होता. कुणाच्या तरी फ्लॉपीतून त्या डिस्कला व्हायरस लागला. जपून ठेवलेल्या प्रतीही त्यातून सुटल्या नाहीत. ऋताने पुष्कळ खटपट केली, पण एकही फाइल धड उघडेना. डिस्क पुन्हा वापरायची तर ती पूर्ण कोरी करण्यावाचून इलाज नव्हता.

वडिलांना हे कसं सांगावं, या विचारात तिचे कितीतरी दिवस गेले. शेवटी ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आप्पा, डिस्क बिघडलीय. आता सगळी पुसावी लागेल."

"मग घे ना पुसून," आप्पा शांतपणे म्हणाले. "त्यात रडायचं काय?"

त्यांचा धीर पाहून तिला आणखीच भरून आलं. तिने डिस्क फॉरमॅट केली, पुन्हा पुन्हा तपासली. व्हायरसचा मागमूस उरला नव्हता.

"झाली साफ?" आप्पांनी विचारलं आणि चाचपडत खुर्ची जवळ ओढली. "बैस आता. आपण कुठवर आलो होतो, तेवढं जरा वाचून दाखव."