आधी धाकट्यानं

“हे काय काळं उघडलंस? बिघडलं काय?” विजयसिंह खुर्ची ओढून क्रांतीच्या खांद्यालाच येऊन बसला.

“टर्मिनल हाय दादा. हितनंच थंडरबर्ड टाकायचं. मेल सगळे मशीनवर उतरवून घ्यायला.”

क्रांतीनं एक ओळ लिहिली, पासवर्ड दिला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान राजारामपुरीत, आणि विजयसिंहाच्या घरच्या फौंड्रीतल्या दोन्ही कॉम्प्युटरवर लिनक्स तिनंच चढवलं होतं. फुकटात मिळते म्हणून विजयसिंहानं ती सिस्टीम घेतली आणि फुकटची म्हणूनच तिच्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही.

टेबलावर दोन मशीन. एक त्याच्या वडिलांच्या, अप्पांच्या वेळचं, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेलं. दुसरं दिवाळीत घेतलेलं, रुंद पडद्याचं. विजयसिंह आणि त्याचा धाकटा भाऊ उदयसिंह वेगळे होत होते. शेड वाटून झाली होती, भट्ट्या वाटून झाल्या होत्या. आज अकराला केरबामामा ऑफिस वाटून द्यायला येणार होते. दोघा भावांना एकेक मशीन आणि दोन्हीवर कंपनीचे सगळे जुने मेल, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं. अकरा वर्षांचे मेल. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, भाव, कुणाला काय शब्द दिला ते सगळं त्यात. ते ज्याच्याकडं, गिऱ्हाईक त्याच्याकडं.

क्रांतीनं आधी जुन्या मशीनवर खातं जोडलं. सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण होती: मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा.

“ही खूण काढ,” विजयसिंह म्हणाला.

“काढली तर मेल हितं उतरत्यात आन सर्व्हरवरनं जात्यात. मग नव्या मशीनवर काय येणार?”

“तुला इचारलं काय?”

“मामांनी दोघांना म्हटलंय दादा.”

“तुला मामांनी बोलवलंय का मी? काढ म्हटलं की काढायची.”

क्रांतीनं खूण काढली. काढताना तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पाऊण तास मेल उतरत होते. मग तिनं नव्या मशीनवरही थंडरबर्ड टाकलं, तेच खातं जोडलं. इनबॉक्स उघडला. आत एकही मेल नव्हता. विजयसिंहानं ते कोरं पान डोळे भरून पाहिलं आणि पडदा बंद करायला लावला.

थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही घराण्याची रीत. थोरल्याला लबाडी करायला जागाच राहू नये म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली. विजयसिंहाला तिची फिकीर नव्हती. उदयला चकचकीत वस्तूंचं वेड लहानपणापासून. तो नवंच उचलणार.

अकराला मामा आले. मागोमाग उदयसिंह आला, पँटवर साच्यांची वाळू. भावाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दीड वर्ष दोघं एकाच फौंड्रीत राबत होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

“मामा, टेंपोची किल्ली कुठं टाकलीय इचारा त्येला,” उदयसिंह म्हणाला.

“मामा, डोळं असतील तर खुंटीला बघ म्हणावं.”

“लाज वाटू द्या रं थोडी,” मामा ओरडले. “मी काय भोंगा हाय दोघांच्या मधला? विजू, दोन्हीकडं मेल सारखेच न्हवं?”

“सारखेच.”

“व्हय गं पोरी?”

“दोन्हीकडं थंडरबर्ड टाकलंय मामा,” क्रांती कीबोर्डकडं बघत म्हणाली.

“झालं तर. उदय, उचल.”

उदयसिंह टेबलापाशी आला. रुंद पडद्याकडं त्यानं पाहिलं, क्षणभर रेंगाळला, आणि जुन्या मशीनवर हात ठेवला.

“ह्ये घेतो मामा. अप्पा ह्याच्यावरच बसायचं.”

विजयसिंहाचं तोंड उतरलं. मामा मान हलवत होते. आणखी एका मिनिटात मशीन टेंपोत गेलं असतं.

“जुनं हाय त्ये,” विजयसिंह म्हणाला. “नवं घे.”

उदयसिंह वळला. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं.

“मामा,” तो म्हणाला, “ह्यो माझ्याशी बोलला.”

“ऐकलं की,” मामा म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

उदयसिंहानं जुन्या मशीनवरचा हात काढला. “बरं दादा. नवं घेतो. अप्पांचं तुझ्याकडंच राहू दे, तू थोरला.” त्यानं नवं मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरलं. पडदा मामांनी घेतला. दारातनं उदयसिंहानं भावाकडं वळून मान हलवली आणि गेला.

टेंपो फाटकाकडं निघाला. क्रांती अजून खुर्चीतच होती.

“दादा, अजून जमतंय. पेन ड्राइव्हवर काढून दिलं की त्यास्नीबी सगळे मिळतील. धा मिन्टाचं काम. हाक मारू?”

विजयसिंह खिडकीतनं बाहेर बघत होता. फाटकाशी टेंपो थांबला होता, आणि उदयसिंह खाली उतरून मशीनखाली स्वतःचा शर्ट घडी करून घालत होता.

“नगं,” तो म्हणाला. “आता सांगितलं तर मी बोललो त्येबी खोटं ठरंल.”